आबांना पाजलेली कॉफी

बारा वर्षं पुण्यातल्या एका कॉफीच्या दुकानात यंत्रासमोर उभं राहून अजिनाथ सोलापूरला परतला आणि शहराच्या जुळे सोलापूर भागात भाड्याने राहू लागला. त्याची आई म्हाळसाबाई दोन महिन्यांपूर्वीच गेली होती. तिच्या आजारपणात दुकानात गर्दीचे दिवस होते. ‘दोन दिवसांत येतो’ असं त्याने फोनवर तीनदा सांगितलं आणि पोचला तेव्हा माती होऊन गेली होती.

एप्रिलातल्या एका दुपारी त्याचे वडील धुळा, मेंढरं पुतण्यावर सोपवून, गावाहून, दुधनीहून आले. इतकी वर्षं आपण काय केलं ते बापाला एकदा दाखवावं, असं अजिनाथला वाटलं. त्याने घरच्या छोट्या यंत्रातून दाट काळी कॉफी काढली, बर्फ आणि साखर घालून बाटलीत जोरजोरात हलवली आणि फेसासकट काचेच्या पेल्यात ओतली.

धुळाने घोट घेतला.

“लई कडू हाय की. ह्येच करत हुतास तितं?”

“व्हय, आबा.”

“ह्ये उशिरा मिळालं असतं, तर कोन गिऱ्हाईक मरनार हुतं रं?”

अजिनाथ रिकामी बाटली विसळू लागला.

“तुजी आय बाज दारात वढाय लावायची. वाट दिसावी म्हनून.”

उरलेली कॉफी धुळाने औषधासारखी एका दमात संपवली आणि संध्याकाळच्या एसटीची वेळ विचारली. स्टँडवर अजिनाथ पाया पडायला वाकला, तोवर म्हातारा गाडीत चढला होता.