पिंटचा जुना भाव

हिंजवडीच्या परमिट रूममध्ये मूळचे इथलेच एक काका नेहमी भेटतात. बिअरची पिंट समोर आली की आधी तिचा जुना भाव सांगतात. "हितंच सतरा रुपयाला पीत हुतो, साहेब. तुमच्या पगारांनी महाग केली." आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, महागाई आपल्यामुळे झाली हे ऐकून ऊर भरून येतो.

एकदा मी खवचटपणे विचारलं, "आणि आमच्या कंपनीखालची तुमची जमीन काय भावाने दिलीत?"

"त्ये न्हाई आठवत," म्हणाले आणि अर्धी पिंट टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी पिंट आली तशी काका भाव न सांगताच पिऊ लागले. शेवटी मीच मुद्दाम चुकलो. "काका, इथे वीसला मिळायची ना?"

"सतराला," ते म्हणाले. "शिकलेली माणसं तुमी, येवढंबी ध्यानात ऱ्हात न्हाई?"