आता मी ग्रुपवर नाही

मित्रांनो, गेल्या महिन्यात फोनमधली कंपनीची सिस्टीम काढून मी मोकळी, सगळ्यांना खुली असलेली सिस्टीम घातली. नकाशा, कीबोर्ड, सगळं खुलं. व्हॉट्सअ‍ॅप ठेवलंच नाही. जाताना घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, आता मला थेट फोन करा. सगळे बरं म्हणाले.

आज शेवग्याच्या शेंगा घेऊन मच्छे गावाला आक्काकडं गेलो, तर दाराला कुलूप.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "सगळी खानापूरला गेल्यात की, तुमच्या चुलतभावाच्या पोरीच्या साखरपुड्याला. तुम्ही न्हाय गेला व्हय?"

आक्काला फोन लावला. "अरं, ग्रुपवर टाकलतं की!"

"मी ग्रुपवर न्हाय, आक्का."

ती म्हणाली, "व्हय की रं! ध्यानातच न्हाय आलं कुणाच्या. तू कधी तिथं बोलतोस? आम्हाला वाटलं, वाचून गप बसला असशील, नेहमीसारखा. ये की आत्ता, जेवणं व्हायची हायत अजून."

शेंगा काकूंना दिल्या आणि स्टॉपवर येऊन बसलो. हे तिथूनच ब्राउझरमधून लिहितोय. खानापूरची एक बस जाऊ दिली.

तुम्ही गेला असता का?