हजेरीपटावर नसलेलं बारावं खातं

३१ मार्च २०२५. शिवकन्याच्या नकाशांच्या कामाचे त्या दिवशी एक लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे रुपये शिल्लक होते. पुढचा निधी आणि तिची नोकरी एकाच अटीवर होती: दर सोमवारी पुण्याच्या देणगीदारांना नकाशा पोचला पाहिजे.

शिवकन्या चौसाळ्याची, किराणा दुकानदार रुद्रप्पांची मुलगी. बीडच्या आमच्या पाणलोट संस्थेत चार वर्षं होती. पालीपासून धारूरपर्यंतच्या तलावांत किती पाणी उरलं, हे ती उपग्रहाच्या चित्रांवरून काढायची. आधी एकेका तलावासाठी स्वतः बसून स्क्रिप्ट चालवायची. मग तिने पायथन या संगणकभाषेत प्रोग्राम लिहिला. तो सोमवारी आपला आपण दूरच्या सर्व्हरवरच्या स्क्रिप्ट चालवून नकाशे पाठवायचा.

मी तिथला लेखापाल. वर्षअखेरीला हजेरीपट आणि संगणकावरची खाती ताडून पाहणं हा माझा नेम. माणसं अकरा, खाती बारा. बाराव्याला ना फोन, ना रुजू तारीख. मी ते काढून टाकलं आणि फाईलला टिपण लावलं.

शिवकन्या आईच्या ऑपरेशनसाठी लातूरला रजेवर होती. पुण्याची दोन स्मरणपत्रं तिच्या मेलवर न उघडता पडून राहिली. १२ मे रोजी ती परतली. प्रोग्राम बंद दिसल्यावर तिने मला विचारलं. मी फाईलच पुढे केली.

"काका, हे माणसाचं नाव न्हाई. माझ्या प्रोग्रामचं खातं हाय. त्याच्यावरूनच तो सर्व्हरवर शिरतो."

"हजेरीपटावर नव्हतं."

"त्याची कावून हजेरी घेता? कधी चहा पन मागितला न्हाई त्यानं."

ती हसली. मला हसता आलं नाही.

काढलेलं खातं तीस दिवसांत परत मिळतं. बेचाळीस झाले होते. सर्व्हरच्या कंपनीकडे नव्या खात्याच्या परवानगीचा अर्ज केला, त्याचं उत्तर येईना. ऑफिसचं इंटरनेटही बंद होतं. तिने स्वतःच्या फोनला रिचार्ज मारला आणि स्वतःच्या खात्यावरून, पूर्वीसारख्या एकेक स्क्रिप्ट चालवून, सहा सोमवारांचे नकाशे तीन दिवसांत काढून पुण्याला पाठवले. मी शेजारी बसून तलावांची नावं वाचत होतो. दुसरं काही मला येत नव्हतं.

चूक माझी, असं मी पुण्याला दोनदा लिहिलं. निधी थांबवल्याचं पत्र आलं. ३१ मे रोजी शिवकन्याला कार्यमुक्त केलं. आदेश मीच टाईप केला.

परवानगी २ जूनला आली.

त्या रिचार्जचे दोनशे नव्व्याण्णव रुपये तिला द्यायचे आहेत. निधीच बंद झाल्याने व्हाउचर होत नाही.