मेलेल्याचा वाटा

आमच्या सोलापुरात, शुक्रवार पेठेत नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि कधी येईल ते देवालाही ठाऊक नसतं. म्हणून मोरीतला गळका नळ बायकोनं कधी दुरुस्त करू दिला नाही. पाइपात पाणी आलं की तो टपकायला लागायचा, आणि ही हातातलं टाकून ओरडायची, "नीरु बंतु!" पाणी आलं. कर्नाटकाच्या शिवेवरच्या मैंदर्गीची होती. संसार मराठीत केला, पण घाईत कानडीच तोंडात यायचं. पोरंही आईला अव्वाच म्हणायची.

थेंब पडून पडून खाली फरशीवर क्षाराचा उंचवटा झाला होता, खोबऱ्याच्या वाटीएवढा. ही गेली त्याला वर्ष झालं, पण मी त्याला हात लावला नाही. मग एक दिवस त्यालाच ठेचकाळून पडलो. जुळे सोलापुरात राहणाऱ्या मुलानं हुकूम सोडला: मोरी फोडायची, नळ बदलायचा.

लेक पुण्याला प्रयोगशाळेत गुहेतले दगड कापते. छतातनं ठिबकणाऱ्या पाण्यानं जमिनीवर वाढलेले दगड. गवंडी यायच्या आदल्या दिवशी ती आली. मी तिला मोरीत नेलं.

"तुझे दगड हजारो वर्सांमागची हवा सांगत्यात म्हणतीस. मग ह्यो दगड तुझी अव्वा होती तवाची हवा सांगंल का?"

ती उकिडवी बसली, उंचवट्यावरनं बोट फिरवलं.

"हवेत थोडा कार्बन असा असतो आण्णा, की तो हळूहळू विझत जातो. तो मुळांवाटे मातीत येतो, पाण्याबरोबर गुहेत झिरपतो आणि थरात अडकतो. थराचं वय आम्ही दुसऱ्या रीतीनं काढतो. मग थरात किती उरलाय, त्यावरून तेव्हा हवेत किती होता ते कळतं."

"मग सोपंच हाय की."

"कुठलं सोपं! पाणी वाटेत जुना चुनखडक विरघळवत येतं. त्यातला कार्बन कधीचाच मेलेला. तो मेलेल्याचा वाटा वजा करावा लागतो."

चौथीत शाळा सोडलेला माणूस मी. पण वजाबाकी कळते.

"किती वजा करायचा, ते कसं कळतं गं?"

"जेव्हाची हवा झाडांच्या खोडांतल्या वर्तुळांवरून आधीच माहीत आहे, त्या काळच्या थरात ताडून बघतो. तोच वाटा त्याहून जुन्या थरांनाही धरतो."

"आन् वाटा कमी-जास्त झाला तर?"

"तर गणित चुकतं. तीच तर धास्ती असते."

"होतो गं," मी म्हणालो. "वर्सभर बघतोय मी."

तिनं आईसारखंच तोंडावर सांगितलं, "आण्णा, हे नळाचं पाणी. कुठलं कुठलं मिसळलेलं. ह्यात अव्वा सापडायची न्हाय." आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. "आजोबा, ह्याला काय सिमेंट हाय व्हय? एका घावात निघंल." निघाला. दोन तुकडे झाले, आत कांद्यासारखे पापुद्रे. लेकीनं एक तुकडा रुमालात बांधला.

"उपेग न्हाय म्हणालीस की."

"लॅबला न्हाय नेत," ती म्हणाली.

नवा नळ चकचकीत. थेंब गळत नाही. मोरीच्या उंबऱ्याशी मी सकाळभर बसून होतो आणि पाणी येऊन गेलं. शेजारीण दारात येऊन म्हणते, "आजोबा, झोपला होता की काय? भरलं न्हाई होय?" घागर कोरडी. जागाच होतो मी. हाक मारणारं कोणी नव्हतं.

आता नवा नळ जरा सैल ठेवतो. मुलगा आला की आवळतो, वर ओरडतो, "परत पडायचंय का?" तो गेला की मी सैल करतो. टप्प झालं की कान आतल्या खोलीकडं जातात. कोणी ओरडत नाही. मग मीच म्हणतो, "नीरु बंतु," आणि घागर लावतो.

माझं कानडी कच्चं. मी बोललो की ती हसायची.