बाबांच्या तिकिटात ओहायो नव्हतं

आम्ही आमच्या बाबांना वाटून घेतलं होतं.

सहा महिने माझ्याकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, फ्रीमाँटला, सहा महिने दादाकडे पूर्व किनाऱ्याला, पार्सिपनीला. आई गेल्यावर त्यांचं ग्रीन कार्ड काढलं, दादाने शेअर्ड कॅलेंडर बनवलं, आणि मुलांच्या स्विमिंग क्लासशेजारी बाबांच्या तारखा टाकल्या.

लोक म्हणायचे, "काका नशीबवान हं! दोन्ही मुलं विचारतात."

विचारायचो ना. "बाबा, आज निहारला शाळेतून पिकअप कराल?"

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

बाबा नाशिकजवळच्या विमान कारखान्यात टूलरूममध्ये होते. आयुष्यभर विमानांसाठी राबले, पण जीव जडला तो एका फसलेल्या अमेरिकन विमानावर. गॉब्लिन.

बॉम्बरच्या पोटात मावेल एवढंसं फायटर. शत्रू आला की पोटातून खाली सोडायचं, लढून झालं की त्याने हुक अडकवून परत बॉम्बरला लटकायचं. चाकं दिलीच नव्हती. जमिनीवर उतरायचा प्लॅनच नव्हता.

"आणि हुक लागला नाही तर?" मी डिशवॉशर लावता लावता विचारलं होतं.

"नाहीच लागला गं! पहिल्याच वेळी आपटलं, काच फुटली. पायलटने सुकलेल्या तळ्यात पोटावर उतरवलं बिचाऱ्याने." मग म्हणाले, "त्याची चूक नव्हती. मोठ्या विमानाच्या अगदी खालीच हवा सगळ्यात जास्त खवळलेली असते."

ते विमानाबद्दलच बोलत होते. बाबांना टोमणे मारता यायचे नाहीत. यायला हवे होते.

ते गॉब्लिन ओहायोत आहे, डेटनच्या म्युझियममध्ये. म्हणजे माझ्या आणि दादाच्या घराच्या मधे.

पहिल्याच वर्षी म्हणाले, "एकदा बघायचंय. तो हुक कसा बसवलाय ते."

मी म्हटलं, "दादा नेईल, त्याला जवळ पडतं."

दादा म्हणाला, "तिला सांगा ना, तिला सुट्टी मिळते."

पाच वर्षं बाबा दर सहा महिन्यांनी ओहायोच्या डोक्यावरून उडत गेले.

शेवटच्या खेपेला मी तिकीट काढत होते, तर मागे येऊन उभे राहिले. "मधे कुठे थांबणारं नाही का मिळत?"

"नॉनस्टॉपच बरं बाबा. या वयात कशाला धावपळ? व्हीलचेअर पण सांगितलीय."

"मला चालता येतं गं," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, मी त्यांची काळजी घेतेय. काय पण काळजी!

दादाकडे पोचले आणि तीन आठवड्यांत हार्ट अटॅकने गेले.

त्यांची बॅग आवरताना पासपोर्टच्या कव्हरमध्ये घडी घातलेला कागद सापडला. डेटन एअरपोर्टवरून म्युझियमला जाणाऱ्या बसेस, कुठे बदलायची, परतीची शेवटची किती वाजता. सगळं त्यांच्या सुबक, टूलरूमच्या अक्षरात.

खाली लिहिलं होतं, "एकट्याने जमेल. मुलांना त्रास नको."

गेल्या शनिवारी मी निहारला घेऊन डेटनला गेले. हो, सुट्टी मिळाली. मागितली की मिळते.

"मॉम, इट्स सो टायनी! व्हेअर आर द व्हील्स?"

मी त्याला दाखवलं. चाकं खालच्या ट्रॉलीला आहेत, विमानाला नाहीत.

फोटो काढला, दादाला पाठवला. त्याचा हात जोडलेला इमोजी आला.

गॉब्लिन बघून बाहेर पडायला चाळीस मिनिटं लागली. पाच वर्षांत आम्हा दोघांच्या कॅलेंडरमध्ये ही चाळीस मिनिटं नव्हती.

कमेंटमध्ये "किती सुंदर आठवण" लिहू नका, प्लीज. ज्यांचे आईबाबा आत्ता शेजारच्या खोलीत बसलेत, त्यांनी फोन ठेवा आणि त्यांना कुठे जायचंय ते विचारा.

बाबा, हुक बघितला. नाकाच्या वर, कॉकपिटच्या पुढे.

कसा बसवलाय ते मला काही कळलं नाही. सांगायला तुम्ही हवे होतात.

शेवटचा नमस्कार.