माझा खांदा आणि ओसरीवरचा तंटा

मांडवीच्या आमच्या घरी विहिरीला रहाट होता आणि रहाटाला मी होते. एकदा हातातून दोर सुटला. पोहरा विहिरीत गेला तर सासूबाई काय म्हणतील, या धास्तीने मी झडप घालून दोर धरला. पोहरा वाचला. उजव्या खांद्यात मात्र कटकन काहीतरी तुटलं आणि हात कानाच्या वर जाईना. स्वतःचा अंबाडा स्वतःला घालता येऊ नये, हे मला फार लागलं. हात तेवढा डोक्यापर्यंत पोचू दे, एवढंच देवाला मागत होते.

ह्यांनी डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, हाडाला मांस बांधणारी शीर तुटलीय, मुंबईस नेऊन खांदा उघडून शिवून घ्या. मामंजींनी हाडवैद्य आणला. तो म्हणाला, देवाने शिवलेलं उसवायचं नाही, करंजेल चोळा, निर्गुडीने शेका. झालं! हे कापण्याचे वकील, मामंजी तेलाचे. शेजारीपाजारी पानसुपारीला यायचे आणि निकाल देऊन जायचे. कुणाची मावशी कापल्याने गेली होती, कुणाचा मेव्हणा चोळून चोळून लुळा झाला होता. जिचा खांदा तिला विचारावं, हे मेल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी आतून चहा पाठवत होते.

गंमत म्हणजे डॉक्टर आणि वैद्य यांचं एका बाबतीत एकमत होतं. काहीही केलंत तरी दोन महिने या हाताला विसावा हवा. ते मात्र ओसरीवर कुणी काढलंच नाही. आमच्याकडे देवाचं, स्वयंपाकाचं पाणी सोवळ्यातलं, गड्याने काढलेलं चालत नसे. सासूबाईंची कंबर गेलेली. तेव्हा डाव्या हाताने ओढत मीच पाणी काढत होते.

एक दिवस सासूबाई माझे केस विंचरत होत्या आणि बाहेर तंटा रंगला होता. फणी हातात घेऊनच त्या ओसरीवर गेल्या.

"कापा नाहीतर चोळा," त्या म्हणाल्या. "चार धड खांदे इथे बसलेत. उद्यापासून पाणी कोण काढणार, ते आधी सांगा."

दुसऱ्या दिवशी पहाटे रहाट करकरला. हे सोवळं नेसून पाणी काढत होते. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

तिसऱ्या दिवशी ह्यांचा खांदा धरला. कापायचं की चोळायचं, यावर या वेळी वाद झालाच नाही. विसाव्यासारखं औषध नाही, असं मामंजी म्हणाले आणि ह्यांना माजघरात आडवं केलं. करंजेल घरात होतंच. ते मी डाव्या हाताने चोळलं, आणि सोवळं नेसून विहिरीवर गेले.

उजवा हात आजही कानाशीच अडतो. अंबाडा सून घालते.