तुटक्या कंगोऱ्याचं बाशिंग

लग्नात तुमच्या कपाळावर कुणाचं गाव बांधलं होतं, हे तुम्ही कधी विचारलंत?

माझे वडील खामगावात कागदी बाशिंगं करत. निजामाच्या मोगलाईची हद्द ओलांडून ते वऱ्हाडात आले तेव्हा जवळ फक्त कात्री होती. सोडून आलेल्या गावाची वेस ते कागदाची घडी घालून कापत: कमान, पायऱ्या, वर कंगोरे. घडी उघडली की दोन्ही बाजू सारख्या निघत. मग उजवीकडचा एक कंगोरा ते मुद्दाम खुडत. तिकडे गावी तो पडलेलाच होता.

वर बेगड चढे. मागून मी खळीने छापखान्यातली रद्दी पत्रकं चिकटवायची. स्वदेशीची, हुंड्याविरुद्धची. त्यांच्यावरच मी वाचायला शिकले.

एकदा एक बडे जमीनदार मुलाचं बाशिंग न्यायला आले.

"कैची घसरली काय बे? हा कंगोरा तुटेल आहे."

"घसरली नाही, मालक. तिथं तुटकाच हाय."

"तिथं असन! माह्या पोराच्या कपाळावर काऊन? अपशकुन आहे. जोडून दे, सांगशीन तो दाम देतो."

"जोडायचा तर गावी जाऊन जोडीन. कागदावर खोटी वेस करनार नाही."

मला राहवेना. "आठवण काही विकाऊ नाही!" मी ओरडले.

जमीनदार हसले. "हे पोरगी पत्रकं खाऊन वाढली काय?"

"खात नाही, चिकटवती," वडील म्हणाले. "पण बोलली ते खरं हाय."

जमीनदार अकोल्याहून बाशिंग आणायला निघून गेले. बाजारात आमच्या बाशिंगाला 'मोगलाईचं तुटकं' असं नाव पडलं आणि त्या लग्नसराईत आमच्या दाराशी फारसं कुणी फिरकलं नाही. आई चिडली, "बोटभर कागद लावला असता तर काय बिघडलं असतं?" वडिलांनी पुढचं बाशिंग कापलं, उघडलं, आणि कंगोरा खुडला.

माझं लग्न ठरलं तेव्हा मात्र त्यांचा हात थांबला. हळूच म्हणाले, "पोरी, सासरचे नावं ठेवतील. तुझ्यापुरता जोडू का?"

"जोडलात तर मी बांधणार नाही, आबा."

मांडवात कुजबुज झालीच. "हिचं बाशिंग तुटेल आहे वं!" मी मान ताठ करून सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तुटलेलं नाही. आमच्या गावची वेस अशीच आहे." वडील मागे उभे होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी परक्या माणसांना आपल्या गावाचं नाव मोठ्याने सांगितलं.

तुमच्या गावात बाहेरून येऊन वसलेला कारागीर असेल, तर त्याच्यावर आपली नक्षी लादू नका. त्याच्याकडे जा आणि त्याची स्वतःची मागा.